लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आणि निसर्गविज्ञान संग्रहालयांत कपी, माकडे व लेमूर यांची छायाचित्रे कशी घ्यावीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरअखेरीस आपण सहा आठवड्यांसाठी मुलीकडे लंडनला जात आहात. सोबत क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आणि १८-५५ व ७०-३०० मिलिमीटरच्या अशा दोन लेन्स आहेत. तेथील प्राणिसंग्रहालयात गोरिला, माकडे आणि लेमूर टिपायचे आहेत. परंतु मैसूरला घेतलेल्या छायाचित्रांत काचेवर आपलेच प्रतिबिंब उमटले, गोरिलाच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग आला आणि माकडांऐवजी त्यांच्यापुढची जाळीच ठळक दिसली. शेवटी आपण जरा संकोचाने विचारले आहे, की संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेल्या प्राण्यांची छायाचित्रे घेण्यात काही अर्थ असतो का. मी गेली सव्वीस वर्षे प्रामुख्याने याच दोन ठिकाणी छायाचित्रण करत आले आहे आणि उत्तराची सुरुवात या शेवटच्या प्रश्नापासून करणार आहे, कारण बाकीची सगळी तंत्रे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

लंडनला ‘गाय’ नावाचा एक गोरिला होता. आपल्या कानाला हे नाव वेगळेच लागते; ५ नोव्हेंबर १९४७ रोजी, म्हणजे इंग्लंडमध्ये गाय फॉक्सच्या नावाने होळ्या पेटवतात त्या दिवशी, तो प्राणिसंग्रहालयात दाखल झाला म्हणून त्याला ते मिळाले. तेव्हा तो लहान पिल्लू होता. पुढे तो तीस वर्षे तेथे राहिला, त्यांतील बराच काळ एकटा, आणि १९७८ मध्ये मरण पावला. पिंजऱ्यात शिरलेल्या चिमण्या तो अलगद तळहातावर घेई, निरखून बघे आणि सोडून देई, असे त्याच्याविषयी सांगतात. आज लंडनमध्ये त्याची दोन रूपे बघायला मिळतात. रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात विल्यम टिमिम यांनी घडवलेला त्याचा कांस्य पुतळा आहे आणि साउथ केन्सिंग्टनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील कॅडोगन दालनात खुद्द त्याचे कातडे चढवलेली प्रतिकृती काचेआड बसलेली आहे. आपण ज्याला ‘पेंढा भरलेला प्राणी’ म्हणता, तो एका विशिष्ट नावाचा, विशिष्ट आयुष्य जगलेला जीव होता. त्यामुळे माझ्या मते अर्थ नक्कीच आहे, फक्त छायाचित्र ‘गोरिला’ या जातीचे न घेता त्या एका गोरिलाचे घ्यावे. जिवंत प्राण्यांनाही हेच लागू पडते. गोरिलांवर काम करणारे संशोधक त्यांना नाकावरच्या सुरकुत्यांवरून ओळखतात, कारण आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. आपल्या छायाचित्रात नाकाच्या त्या रेषा दिसत असतील तर ते छायाचित्र कोणाचे आहे हे पाळणाऱ्याला सांगता येईल. मी स्वतः हीच कसोटी लावते.

आता काचेकडे वळू. लंडनचे ‘गोरिला किंगडम’ २००७ मध्ये खुले झाले. तेथे बाहेर बेटासारखे मोकळे आवार आहे आणि आत मोठ्या काचा आहेत. काचेवरचे प्रतिबिंब टाळण्याचा खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे लेन्स काचेला भिडवणे. लेन्सच्या तोंडावर रबरी हूड बसवून तो काचेवर अलगद टेकवला, की कॅमेरा आणि काच यांच्यामध्ये प्रकाश शिरायला जागाच राहत नाही. रबरी हूड मऊ असल्याने लेन्स पंधरा-वीस अंश तिरपी केली तरी फट पडत नाही. त्याहून अधिक तिरपी करू नये, कारण जाड काचेतून तिरके बघितले की प्रतिमा मऊ पडते आणि कडांना रंग फुटतात. काचेला टेकता येत नसेल तर काळा किंवा गडद निळा सदरा घालून जावे आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरची पांढरी अक्षरे चिकटपट्टीने झाकावीत. मी पिशवीत हातभर काळे सुती कापड ठेवते. ते लेन्सभोवती छत्रीसारखे धरले की मागच्या दारातून येणारा उजेड अडतो. काच पुसायला एक मऊ फडकेही ठेवावे, कारण लहान मुलांच्या बोटांचे ठसे नेमके आपल्याला हव्या त्या उंचीवर असतात.

चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर घ्यावा का, हा प्रश्न ओघाने येतोच. त्याचे काम नीट समजून घेतले तर पैसे वाया जात नाहीत. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश सर्वांत जास्त ध्रुवीभूत होतो तो काचेच्या लंबापासून सुमारे ५६ अंशांवर, म्हणून पोलरायझरचा पूर्ण उपयोग तेवढ्या तिरप्या कोनातून बघतानाच होतो. आपण काचेसमोर सरळ उभे असाल तर तो प्रतिबिंब कमी करत नाही आणि दीड ते दोन स्टॉप प्रकाश मात्र खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). आतल्या मंद उजेडात हा सौदा परवडत नाही. शिवाय काही ठिकाणी काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकचे तक्ते असतात आणि पोलरायझरमधून त्यांच्यातला ताण इंद्रधनुषी पट्ट्यांच्या रूपाने दिसू लागतो. माझा पोलरायझर अशा ठिकाणी घरीच राहतो. जाड काचेची हिरवट झाक मात्र प्रत्येक छायाचित्रात उतरते. त्यासाठी रॉ फाइलच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावी, म्हणजे नंतर रंगसंतुलन जांभळटाकडे थोडे सरकवून ती झाक काढता येते.

काळ्या चेहऱ्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर सांगितला जाणारा ‘काळ्या प्राण्यासाठी भरपाई उणे करा’ हा एकओळी उपाय अपुरा आहे. (भरपाई म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश आपण कमी-जास्त करणे.) कॅमेऱ्याचे प्रकाशमापन समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून चालते. त्यामुळे चौकट गोरिलाने भरली की कॅमेरा जास्त प्रकाश घेतो आणि गोरिला राखाडी होतो. उलट गोरिलामागे आकाश किंवा उन्हातले गवत असेल तर कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि चेहरा बुडतो. मैसूरला आपले दुसरे झाले असणार. म्हणून आधी पार्श्वभूमी बघावी. मागे उजेड असेल तर भरपाई अधिक एक स्टॉपपर्यंत न्यावी, किंवा दोन पावले सरकून मागे खडक अथवा झाडी येईल अशी जागा घ्यावी. मी जवळपास नेहमी दुसरा मार्ग निवडते. चौकट काळ्या केसांनीच भरलेली असेल तेव्हा मी दोन वेगळे निर्णय घेते. गोरिला शांत बसलेला असेल तर भरपाई शून्यच ठेवते. पडद्यावर तो अंमळ फिका दिसतो, पण काळ्या भागात भरपूर तपशील येतो आणि घरी संगणकावर तो गडद करताना चित्रात दाणे दिसत नाहीत. गोरिला चालत असेल, किंवा पिल्ले खेळत असतील, तर भरपाई उणे एक करते, कारण त्यामुळे शटरचा वेग दुप्पट होतो आणि हललेल्या छायाचित्रावर घरी काहीच इलाज नसतो. गोरिला किंगडममध्ये २०२४च्या सुरुवातीला, काही आठवड्यांच्या अंतराने, दोन पिल्ले जन्मली. लहान पिल्ले क्षणभर स्थिर नसतात. त्यांच्यासाठी १/५०० सेकंद आणि बसलेल्या प्रौढासाठी १/२५० सेकंद हे किमान धरावे. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० किंवा ६४०० झाला तरी घाबरू नये.

प्रकाश कोणत्या दिशेने येतो यावर भुवयांचा उंचवटा आणि डोळे दिसणे अवलंबून असते. डोक्यावरचे ऊन असले की गोरिलाच्या खोल डोळ्यांवर भुवईची सावली पडते आणि मग कोणतेही तंत्र उपयोगी पडत नाही. लंडनच्या ज्या ढगाळ हवेविषयी आपल्या मुलीने तक्रार केली आहे, ती या कामासाठी वरदान आहे: अशा दिवशी सारे आकाश एक मोठा मऊ दिवा होते आणि डोळ्यांत त्याची लहानशी चमक उमटते. ती चमक येईपर्यंत मी शटर दाबत नाही. जाण्यापूर्वी घरीच सराव करायचा असेल तर आपले काळतोंडे वानर उत्तम. मराठीत आपण माकड आणि वानर हा भेद करतो तो येथे कामाला येतो: लालसर चेहऱ्याच्या माकडावर नव्हे, तर फिक्या केसांत काळा चेहरा असलेल्या वानरावर सराव करावा. त्याच्या अंगाचे केस पांढरे फटफटीत न होता चेहऱ्यावरचा तपशील राखता आला, की लंडनच्या काळ्यापांढऱ्या कोलोबस माकडांची निम्मी तयारी झाली. सरावासाठी त्यांना खायला मात्र घालू नये, चण्याचा एक दाणाही नाही.

हे कोलोबस ‘मंकी व्हॅली’त आहेत. १९६५ मध्ये खुला झालेला स्नोडन यांच्या नावाचा प्रचंड पक्षिपिंजरा बदलून २०२२ मध्ये त्यांच्यासाठी तयार केला गेला आणि प्रेक्षकांची वाट त्याच्या आतूनच जाते. बहुतेक वेळा माकड वर आणि आपण खाली असतो, म्हणजे पाठीमागे पांढरे आकाश. अशा वेळी माकड काळी आकृती होणे किंवा त्याच्या खांद्यावरची पांढरी झालर जळून जाणे, यांपैकी एक काहीतरी घडते. वाट जिथे उंच आहे तिथून ते समपातळीवर येईपर्यंत थांबणे हाच त्यावर उपाय आहे. पांढरे केस जळत आहेत का हे दाखवणारी लुकलुकणारी सूचना कॅमेऱ्यात सुरू ठेवावी.

जाळीचे तंत्र त्या मानाने सोपे आहे. लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, लेन्स २०० ते ३०० मिलिमीटरवर न्यावी आणि माकड जाळीपासून दोन-तीन मीटर मागे असेल तेव्हाच छायाचित्र घ्यावे. समोरच्या जाळीवर ऊन पडले असेल तर ती धूसर होऊनही सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा आणते, म्हणून सावलीतली बाजू शोधावी किंवा लेन्ससमोरचा तेवढा जाळीचा भाग हाताने झाकोळावा. ऑटोफोकस जाळीला धरतो, तेव्हा सर्वांत लहान एक बिंदू निवडून तो जाळीच्या घरातून डोळ्यावर नेमावा. तरीही जमत नसेल तर हाताने फोकस करावा. मागची जाळी अनेकांच्या लक्षात येत नाही. तीही पुसट झाल्यावर चौकोनी नक्षी सोडते. म्हणून माकडामागे भिंत किंवा झुडूप येईल असा कोन बघावा. लेन्स जाळीत घालू नये आणि अडथळ्याचे रेलिंग ओलांडू नये. एखाद्या मकाक माकडाला आपल्या गळ्यातला पट्टा ओढायला क्षणसुद्धा लागत नाही.

लेमूरांकडे जाल तेव्हा ७०-३०० पिशवीत ठेवली तरी चालेल. ‘इन विथ द लेमूर्स’ हे २०१५ मध्ये सुरू झालेले आवार आहे आणि तेथे शेपटीवर कड्यांसारखे पट्टे असलेले लेमूर आणि आपण यांच्यामध्ये काहीच नसते. १८-५५ पुरे होते. थंड सकाळी हे लेमूर उन्हाकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर टेकून, पोट उघडे ठेवून बसतात, जणू ध्यान लावले आहे. मादागास्करमध्येही ते असेच ऊन खातात. हे दृश्य हवे असेल तर दार उघडल्यानंतरचा पहिला तास गाठावा. आपणही जमिनीलगत खाली बसावे, म्हणजे चित्र वरून बघितल्यासारखे होत नाही. मात्र जवळ आलेल्या लेमूराला हात लावू नये आणि त्याच्या वाटेत बसू नये.

फ्लॅशविषयी येथेच सांगते. लेमूर आणि लोरिस यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो, मांजराच्या डोळ्यांत असतो तसा. माकडांत आणि कपींत (गोरिला, गिबन अशा बिनशेपटीच्या प्राण्यांत) तो नसतो. त्यामुळे फ्लॅश पडताच लेमूराचे डोळे नारिंगी निखाऱ्यासारखे पेटून उठतात आणि त्यांचा मूळ रंग, जो या प्राण्याचे सगळ्यांत देखणे लक्षण आहे, पूर्ण नाहीसा होतो. काचेआड फ्लॅश मारला तर चित्रात नुसता पांढरा गोळा येतो. या दोन्ही कारणांच्या आधी प्राण्याला होणारा त्रास हे कारण आहेच. निशाचर प्राण्यांच्या अंधाऱ्या दालनात मी कॅमेरा बंद करते आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसती उभी राहते.

तंत्राइतकीच निरीक्षणाची गरज आहे आणि ती घाईत भागत नाही. टक लावून बघणे हे गोरिलांत आव्हान मानले जाते आणि आपली लेन्स म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक मोठा न मिटणारा डोळा आहे. म्हणून मी काचेपाशी आधी दहा-पंधरा मिनिटे कॅमेरा खाली ठेवून, त्यांच्याकडे कुशीने बसते. ओठ घट्ट आवळलेले दिसले की प्राणी ताणात आहे हे समजून मागे सरते. मकाकांनी दात विचकले की प्रेक्षक ‘हसतोय, हसतोय’ म्हणतात. ते सहसा भय किंवा शरणागतीचे चिन्ह असते. त्याचप्रमाणे नर माकडाची मोठी जांभई पुष्कळदा झोपेची नसून सुळे दाखवून दिलेला इशारा असते. अशी छायाचित्रे ‘हसरे माकड’ म्हणून फिरतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण घाबरलेल्या जीवाचे भय आपण करमणूक म्हणून वाटत असतो. चेहऱ्यापेक्षा हात टिपायला शिकावे, असेही मी सुचवेन. पानाचा देठ सोलणारी गोरिलाची बोटे, पिल्लाच्या पाठीवर ठेवलेला आईचा तळवा, दुसऱ्याच्या केसांतून काहीतरी वेचणारी दोन नखे, यांतून त्या प्राण्याविषयी जे कळते ते समोरून घेतलेल्या दहा चेहऱ्यांतून कळत नाही. पाळणाऱ्यांच्या बोलण्याच्या वेळा प्रवेशद्वारी विचारून घ्याव्यात. कोण कोणाची आई, कोण कोणापासून लांब बसते, हे ते आनंदाने सांगतात आणि मग थांबायचे कोठे हे आपोआप कळते.

मैसूरचा पोलो नावाचा गोरिला मी बघितला आहे. २०१४ मध्ये तो गेला, तोपर्यंत अनेक वर्षे भारतात तो एकटाच गोरिला होता. मी तेव्हा त्याचे पूर्ण चौकट भरणारे, मागचे काही न दिसणारे चित्र घेतले आणि जंगलातले वाटते म्हणून सगळ्यांनी त्याची वाखाणणी केली. आज ते चित्र मला अपुरे वाटते. रिकामे आवार आणि त्याच्या मधोमध बसलेला तो, असे दुसरे चित्र मी घेतलेच नाही, आणि त्याचे खरे आयुष्य त्या दुसऱ्या चित्रात होते. म्हणून आपण दोन्ही घ्यावीत: एक जवळून आणि एक भिंत, दोरखंड, काच, बघे यांच्यासकट.

चित्राखाली ‘बंदिस्त’ हा शब्द, प्राणिसंग्रहालयाचे नाव आणि शक्य तर प्राण्याचे नाव लिहावे. याला व्यावहारिक कारणही आहे. ज्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आपण जाणार आहात, त्याच्याच वार्षिक वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ सालचे सर्वोच्च पारितोषिक फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाले होते. तो लांडगा माणसाळलेला असावा असा निष्कर्ष निघाल्यावर २०१० मध्ये ते काढून घेण्यात आले. बंदिस्त प्राण्याचे छायाचित्र कमी प्रतीचे नसते, पण ते जंगलातले म्हणून दाखवले की खोटे ठरते.

आता संग्रहालयातले काम. कातडे आणि केस उजेडाने विटतात, म्हणून अशा नमुन्यांवरचा प्रकाश मुद्दाम मंद, बहुधा ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे एकक) आसपास, ठेवतात. त्या उजेडात आयएसओ ३२०० आणि छिद्र एफ २.८ असेल तर साधारण १/८० सेकंद मिळतो. आपल्या १८-५५ लेन्सवर ५५ मिलिमीटरला छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही, म्हणजे १/२० सेकंद. प्राणी हलत नाही, आपणच हलतो. म्हणून कोपर छातीशी घट्ट धरून, श्वास सोडून, एकापाठोपाठ पाच-सहा चित्रे घ्यावीत, त्यांतले एक धारदार निघते. एलईडी दिव्यांमुळे आडवे पट्टे येत असतील तर यांत्रिक शटर निवडून वेग १/५० किंवा त्याहून संथ ठेवावा, कारण तेथील वीजही आपल्यासारखीच ५० हर्ट्झची आहे. तिपाई चालते का हे दारातच विचारावे आणि नाही म्हटले तर वाद घालू नये.

युनिव्हर्सिटी कॉलेजचे ग्रँट प्राणिशास्त्र संग्रहालय चुकवू नका. १८२८ मध्ये सुरू झालेला हा संग्रह आज एका लहान दालनात दाटीवाटीने मांडलेला आहे आणि वरच्या सज्जाच्या कठड्यावरून कपींचे व माकडांचे सांगाडे खाली डोकावतात. तेथे ७०-३०० लागेल. बिंदूमापन, म्हणजे एका ठिपक्यापुरते प्रकाशमापन, हाडावर करावे म्हणजे मागची कपाटे अंधारात जातात, आणि हातांची लांबी पायांशी ताडून बघता येईल असा पूर्ण बाजूचा कोन घ्यावा. गिबनचे लांबलचक हात समोरून घेतलेल्या चित्रात आखूड दिसतात. प्रत्येक नमुन्यानंतर त्याच्या चिठ्ठीचे एक चित्र घ्यावे. जातीचे नाव, ठिकाण आणि नोंदणी क्रमांक त्यावर असतो आणि महिन्याभराने तो आठवत नाही.

गायकडे सकाळी संग्रहालय उघडताच जावे, म्हणजे काचेत मागच्या गर्दीचे प्रतिबिंब नसते. त्याचे डोळे काचेचे आहेत, पण जिवंत डोळ्याला लागू होणारा नियम त्यांनाही लागू आहे: चमक नसेल तर चेहरा मेलेला दिसतो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लेन्स आणून डावीउजवीकडे एकेक वीत सरकत राहावे, दालनातल्या एखाद्या दिव्याचा ठिपका दोन्ही डोळ्यांत पडतो अशी एक जागा सापडते. चेहऱ्याची काळी त्वचा कारागिराने रंगवलेली असते आणि ती केसांपेक्षा जास्त चकाकते, म्हणून येथे भरपाई उणे दोन तृतीयांश ठेवून कपाळावरचा चकाका वाचवावा. त्यानंतर त्याच्या उजव्या हाताचे एक चित्र नक्की घ्या, आणि मुलीकडे निघण्यापूर्वी प्राणिसंग्रहालयातल्या पुतळ्याचेही त्याच बाजूने घ्या. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मला पाठवलीत तर बघायला फार आवडेल.